सुरुंगशोधक जहाजांची खरेदी: आरएफपी निघण्याआधी काय ठरलं पाहिजे

प्रश्न असा आहे: भारतीय नौदलासाठी १२ सुरुंगशोधक जहाजं घेण्याच्या प्रस्तावाला जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने मंजुरी दिली. याआधी हीच खरेदी दोनदा कोसळली होती. जहाजं लहान, वेग कमी, तोफ एखाददुसरी. मग यात एवढं अवघड काय, आणि या वेळी प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी काय वेगळं करावं?

अवघड हे आहे की या जहाजाची खरी कामगिरी एकाही यंत्रात नसते. हल (जहाजाचं मुख्य अंग), इंजिन, केबल, सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणारं यंत्र), पाण्याखालचं वाहन आणि या सगळ्यांना जोडणारी संगणकप्रणाली यांच्यातल्या सांध्यांमध्ये ती असते. आपल्या खरेदीपद्धतीत नेमक्या याच सांध्यांची जबाबदारी वाटली जाते: थोडी यार्डाकडे (जहाजबांधणी कारखान्याकडे), थोडी परदेशी डिझायनरकडे, थोडी सोनारच्या पुरवठादाराकडे, उरलेली नौदलाकडेच. आरएफपी (पुरवठादारांकडून प्रस्ताव मागवणारी निविदा) निघाल्यावर ही वाटणी बदलणं जवळपास अशक्य असतं. म्हणून खरं काम आरएफपीच्या आधीचं आहे.

आजवर काय झालं

नौदलाकडे सोव्हिएत बनावटीचे १२ पॉन्डिचेरी वर्गाचे माइनस्वीपर होते. ते १९७८ ते १९८८ या काळात दाखल झाले. त्यांत 'रत्नागिरी' होती, 'कोकण'ही होती. एकेक करत सगळे निवृत्त झाले. २०१९ मध्ये 'कोझिकोड' निवृत्त झाली आणि खास या कामासाठी बांधलेलं एकही जहाज नौदलाकडे उरलं नाही.

ही वेळ येणार हे आधीपासून दिसत होतं. म्हणूनच २००५ मध्ये आठ जहाजांना मंजुरी आणि २००८ मध्ये आरएफपी निघाला होता. दक्षिण कोरियाची कांगनाम आणि इटलीची इंटरमरीन अशा दोन कंपन्या शर्यतीत होत्या. योजना अशी की दोन जहाजं परदेशात बांधायची आणि सहा वास्कोच्या गोवा शिपयार्डात, तंत्रज्ञान हस्तांतरणाने. कांगनाम एल-१, म्हणजे सर्वांत कमी बोली लावणारी, ठरली. पण मध्यस्थ नेमल्याच्या तक्रारींनंतर २०१४ मध्ये निविदा रद्द झाली. २०१५ मध्ये, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, काम थेट गोवा शिपयार्डला नेमून दिलं गेलं. संख्या १२ झाली, अंदाजे खर्च ३२,००० कोटी. यार्डाने खास इमारती आणि यंत्रसामग्री उभी करायला घेतली. भागीदार म्हणून पुन्हा कांगनामच पुढे आली आणि २०१८ च्या सुरुवातीला वाटाघाटी तुटल्या. किंमत आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या अटी यांवर एकमत झालं नाही, असं तेव्हा जाहीर झालं.

दोन्ही अपयशांची कारणं वरवर वेगळी दिसतात. मुळात दोन्ही वेळी एका टप्प्यावर हातात एकच विक्रेता उरला होता. दुसरा पर्याय जिवंत नसेल तर तक्रार आली की सगळं थांबतं, आणि वाटाघाटी फिसकटल्या की शून्यापासून सुरुवात करावी लागते.

गरज लिहिताना: यंत्र नव्हे, काम लिहा

स्टाफ रिक्वायरमेंट, म्हणजे नौदलाला काय हवं ते सांगणारा दस्तऐवज, लिहिताना सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग म्हणजे चार परदेशी ब्रोशर समोर ठेवून प्रत्येकातला उत्तम आकडा उचलणं. सोनारचा पल्ला एकाचा, वेग दुसऱ्याचा, आवाजाची पातळी तिसऱ्याची. असं जहाज जगात कुणीच बांधलेलं नसतं. मग तांत्रिक मूल्यमापनात एकतर सगळे बाद होतात, नाहीतर एकच उरतो.

त्याऐवजी काम लिहावं: अमुक बंदराचा अमुक लांबी-रुंदीचा मार्ग, अमुक तासांत, इतक्या टक्के खात्रीने मोकळा करायचा. एक हिशोब करून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण वास्तवाला धरून आहे.

समजा मार्ग २० सागरी मैल लांब, १ किलोमीटर रुंद; म्हणजे साधारण ३७ चौरस किलोमीटर. जहाज ५ नॉट वेगाने चालतं आणि प्रत्येक फेरीत २५० मीटर रुंदीचा पट्टा खात्रीने पाहतं. तासाला २.३ चौरस किलोमीटर. नुसतं पाहून व्हायला १६ तास. वळणं धरली तर १८. ऐकायला छान वाटतं. पण समुद्रतळावर दगड, बुडालेल्या होड्या, ड्रम, नांगर, जाळ्यांची वजनं असतात. सुरुंगासारख्या दिसणाऱ्या वस्तू दर चौरस किलोमीटरला फक्त पाच धरल्या, तरी १८५ होतात. प्रत्येकीपाशी थांबायचं, पाण्याखालचं वाहन सोडायचं, ओळख पटवायची. अर्धा तास धरला तर ९२ तासांपेक्षा जास्त. म्हणजे शोधायला पाऊण दिवस आणि ओळखायला जवळपास चार दिवस.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सोनारचा पल्ला दुप्पट करण्यावर खर्च केलेला पैसा फारच थोडा वेळ वाचवतो. वर्गीकरण अचूक करणं आणि ओळखीचा वेळ कमी करणं यांत खरी बचत आहे. दुसरी, शांततेच्या काळात तोच मार्ग वारंवार सर्व्हे करून प्रत्येक जुन्या वस्तूची नोंद ठेवली असेल, तर युद्धकाळात फक्त नव्या वस्तूच तपासाव्या लागतात. १८५ पैकी १४८ आधीच माहीत असतील तर उरतात ३७. त्यांना साडेअठरा तास पुरतात. या नोंदसंचाचं स्वरूप, तो कोणाच्या मालकीचा, प्रत्येक जहाजाच्या प्रणालीला तो वाचता येतो का, हे आरएफपीत लिहिलेलं हवं. माझ्या मते हा मुद्दा सोनारच्या निवडीइतकाच वजनदार आहे आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. सर्व्हेसाठी नवी जहाजं येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. सर्वेक्षण जहाजं आणि पाण्याखाली चालणारी स्वयंचलित वाहनं हे काम आजही करू शकतात.

जहाजांची संख्याही अशीच कामावरून काढायची. १२ जहाजं दोन किनाऱ्यांवर सहा-सहा. त्यांतली साधारण एक तृतीयांश कायम दुरुस्तीत किंवा देखभालीत. उरली चार-चार. या चारांत कोणती बंदरं एकाच वेळी उघडी ठेवता येतात, हे आकड्यांत मांडलेलं असेल तर अर्थ खात्यासमोर संख्येचा बचाव करता येतो. नसेल तर पहिली काटछाट संख्येवरच होते.

कामाच्या वर्णनात आपलं पाणीही यायला हवं. उत्तर समुद्रासाठी बनलेलं साहित्य मुंबईत जसंच्या तसं चालत नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीला पाण्याच्या पातळीत ५ मीटरच्या आसपास फरक पडतो, प्रवाह जोरदार असतो, तळ चिखलाचा आणि पाणी इतकं गढूळ की पाण्याखालच्या कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. कॅमेऱ्यावर ओळख पटवणारं वाहन इथे निरुपयोगी. त्याच्या नाकावर उच्च वारंवारतेचा इमेजिंग सोनार लागतो. प्रवाहाविरुद्ध स्थिर राहण्याइतकी ताकद लागते. आणि चिखलात रुतलेल्या सुरुंगासाठी कमी वारंवारतेचा, तळात शिरणारा सोनार लागतो. चाचणीची अट 'स्वच्छ पाण्यात' अशी लिहिली गेली तर पुरवठादार ती आनंदाने मान्य करतो, आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच सरावात वाहन आंधळं ठरतं.

जहाज सुरुंगक्षेत्रात जाणार की बाहेर थांबणार

हा निर्णय सगळ्यांच्या आधी व्हायला हवा, कारण पुढचं प्रत्येक पान त्यावर बेतलेलं असतं. जुनी पद्धत अशी: जहाज स्वतः सुरुंगक्षेत्रात शिरतं, म्हणून त्याचं चुंबकत्व, आवाज आणि दाब कमीत कमी हवेत, कारण सुरुंग यांच्याच चाहुलीने फुटतात. नवी पद्धत: मोठं मदरशिप बाहेर थांबतं आणि मानवरहित बोटी, वाहनं आत पाठवतं. बेल्जियम आणि नेदरलँड्सने मे २०१९ मध्ये अशी १२ जहाजं मागवली. ८२ मीटरहून लांब, सुमारे २,८०० टनांची, पोलादी. पहिलं जहाज २०२५ मध्ये मिळालं, म्हणजे करारानंतर सहा वर्षांहून अधिक काळाने.

मदरशिपचा मोह मोठा आहे. पोलादी जहाज आपल्याकडे कितीतरी यार्ड बांधू शकतात. पण 'बाहेर' नेमकं कुठे सुरू होतं, हे सुरुंग टाकणारा सांगत नसतो. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेचं 'ट्रिपोली' जहाज सुरुंगावर गेलं. ते सुरुंगनाशक हेलिकॉप्टर घेऊन त्याच कामाचं नेतृत्व करत होतं, आणि आदळण्याआधी काही तास सुरुंगांमध्येच फिरत होतं. त्याच सकाळी 'प्रिन्स्टन' क्रूझरलाही फटका बसला. म्हणजे मदरशिपलाही चुंबकीय आणि ध्वनीविषयक मर्यादा लागतातच, फक्त थोड्या सैल.

दुसरा धोका मानवरहित साहित्याच्या भरवशाचा. अमेरिकेने किनारी युद्धनौकांसाठी सुरुंगशोधाचं दूरनियंत्रित वाहन अनेक वर्षं विकसित केलं आणि वारंवार बिघाडांमुळे २०१६ मध्ये सोडून दिलं. जहाजं तयार होती, त्यांच्या पोटातलं साहित्य नव्हतं.

भारतासाठी मला मधला मार्ग योग्य वाटतो: ९०० ते १,००० टनांचं अचुंबकीय हलचं जहाज, जे गरज पडल्यास आत जाऊ शकेल, पण ज्याच्या मागच्या डेकवर मानवरहित बोट उतरवण्या-चढवण्याची सोय पहिल्या दिवसापासून असेल. डेकची लांबी, क्रेनची क्षमता, वीज, थंड पाणी, कंटेनर बसवायच्या जागा हे सगळं डिझाइनमध्ये राखून ठेवायचं. वाहनं मात्र जहाजाच्या करारात कायमची बांधून टाकायची नाहीत. जहाज ३० वर्षं टिकतं. वाहनाचं तंत्रज्ञान सात-आठ वर्षांत जुनं होतं.

हल: कागदावर सोपा, हॉलमध्ये अवघड

अचुंबकीय हल बनवण्याचे मार्ग मोजके आहेत. लाकूड, जसं अमेरिकेच्या अव्हेंजर वर्गात; अचुंबकीय पोलाद, जसं जर्मनांच्या फ्रँकेनथाल वर्गात; आणि फायबरग्लास, म्हणजे जीआरपी. जीआरपीतही प्रकार आहेत: आतून फ्रेमचा आधार दिलेला पातळ हल, सँडविच हल, आणि इंटरमरीनच्या लेरिची घराण्यातला फ्रेमशिवायचा जाड, एकसंध हल.

आपल्या यार्डांना जीआरपीच्या छोट्या बोटींचा अनुभव आहे. पण ६० मीटरच्या जहाजाचा हल ही वेगळी गोष्ट आहे. काचेच्या विणलेल्या कापडाचे थर रेझिनने भिजवत चढवायचे. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं; एका दिवसात जास्त थर चढवले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, थर सुटतात किंवा भेगा पडतात. कमी चढवले आणि मधे खंड पडला तर आधीचा थर पूर्ण सुकतो आणि नवा त्याला नीट धरत नाही. मग घासून पुन्हा सुरुवात. हॉलचं तापमान साधारण १८ ते २५ अंशांत आणि हवेतली आर्द्रता ठरलेल्या मर्यादेखाली हवी. वास्कोत जून ते सप्टेंबर बाहेरची हवा कशी असते ते सांगायला नको. म्हणजे संपूर्ण हॉल वातानुकूलित, हवा कोरडी करणारी यंत्रणा जोडीला, आणि वीज गेली तर ती चालू ठेवणारा जनरेटरही. हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजात पहिल्या पानावर हवा, 'इतर' या ओळीत नको.

जाड थरातली पोकळी किंवा कोरडा राहिलेला भाग नंतर शोधणं कठीण असतं, कारण जाड जीआरपीत अल्ट्रासॉनिक लहरी लवकर विरतात. म्हणून तपासणी हल बांधतानाच करावी लागते. रेझिनच्या प्रत्येक बॅचची नोंद, काच आणि रेझिनचं वजनी प्रमाण, कठीणपणाची मोजणी, हलसोबतच त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांकडून बनवलेले नमुना तुकडे आणि ते तोडून घेतलेली ताकदीची चाचणी. तुकडा अपयशी ठरला तर हलचा कोणता भाग धरायचा, हे आधीच लिहिलेलं असावं. नाहीतर यार्ड आणि वॉरशिप ओव्हरसीइंग टीम (बांधणीवर लक्ष ठेवणारं नौदलाचं पथक) यांच्यातला वाद महिनोन्महिने चालतो आणि हल साच्यातच पडून राहतो. साचा अडकला की मागची सगळी जहाजं अडकतात.

तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणजे ड्रॉइंगच्या पेट्या, हा गैरसमज इथे जड जातो. ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये ह्युऑन वर्गाच्या सहा जहाजांचा करार केला तेव्हा पहिल्या जहाजाचा हल इटलीत बांधून घेतला आणि तो न्यूकॅसलला आणला. पुढचे पाच हल तिथेच बांधले. 'ह्युऑन' मे १९९९ मध्ये दाखल झालं, सहावं २००३ मध्ये. आपल्याकडेही पहिला हल डिझायनरच्या यार्डात, आपल्या लॅमिनेटरांच्या (थर चढवणाऱ्या कारागिरांच्या) हातांनी, त्यांच्या देखरेखीखाली बांधला जावा. पूर्णपणे देशी डिझाइन आणि किमान ५० टक्के स्वदेशी सामग्री अशा 'बाय इंडियन-आयडीडीएम' वर्गात हे बसवणं अवघड आहे, पण मग निदान पूर्ण जाडीचा, खऱ्या आकाराचा एक भाग आधी बांधून, कापून, तपासून घ्यावा. पहिल्या युद्धनौकेवर शिकण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

चुंबकत्वाची खातेवही

जहाजावरच्या प्रत्येक लोखंडी वस्तूला चुंबकीय 'वजन' असतं आणि एकूण बजेट ठरलेलं असतं. इंजिन, जनरेटर, तोफ, नांगराची साखळी, बॅटऱ्या या मोठ्या गोष्टींकडे सगळे पाहतात. बजेट बिघडवतात ते लहान जिन्नस: फ्रिजचा कॉम्प्रेसर, स्वयंपाकघरातला ओव्हन, पंपाचे शाफ्ट, बिजागऱ्या, हत्यारांचा खण, कोठीतले डबे. म्हणून प्रत्येक ऑर्डरवर चुंबकीय मर्यादा छापलेली हवी, आणि मोठी यंत्रं जहाजावर चढण्याआधी जमिनीवरच्या प्रयोगशाळेत मोजलेली हवीत. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. इंजिन हलमध्ये बसल्यावर ते जास्त चुंबकीय निघालं, तर ते काढायला डेक कापावा लागतो.

चुंबकत्व फक्त लोखंडातून येत नाही. केबलमधून वीज जाते तिथेही क्षेत्र तयार होतं. जाणारी आणि परतणारी तार एकत्र नेली नाही तर मोठं वेटोळं बनतं. अ‍ॅल्युमिनियमचे मोठे पत्रे जहाज डोलताना पृथ्वीच्या क्षेत्रात हलतात आणि त्यांत प्रवाह निर्माण होतात. उरलेलं क्षेत्र तीन दिशांच्या डिगॉसिंग कॉइलांनी, म्हणजे वीज खेळवलेल्या तारांच्या वेटोळ्यांनी, मारलं जातं.

आता एक बारकावा, जो आयात डिझाइनमध्ये हमखास सुटतो. युरोपात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बऱ्यापैकी उभं असतं, त्यामुळे तिथल्या डिझाइनमध्ये उभ्या दिशेच्या कॉइलला महत्त्व. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. आपल्याकडे क्षेत्र बरंचसं आडवं असतं, आणि आडव्या क्षेत्राचा परिणाम जहाजाची दिशा बदलली की बदलतो. उत्तरेकडे जाताना ठीक असलेलं जहाज पूर्वेकडे वळल्यावर मर्यादेबाहेर जाऊ शकतं. म्हणून स्वीकृतीची मोजणी आपल्या अक्षांशांवर आणि चारही मुख्य दिशांना घ्यायची, आणि मर्यादा सर्वांत वाईट दिशेला लागू करायची. 'सरासरी' हा शब्द या परिच्छेदात कुठेही येऊ देऊ नये.

धक्का आणि आग

जवळ फुटलेल्या सुरुंगाचा धक्का हलपेक्षा आतल्या वस्तूंना जास्त मारतो. समुद्राचं पाणी आत आणणारे व्हॉल्व्ह, लवचीक जोड, यंत्रांचे पाय, स्विचबोर्ड आणि जीआरपीच्या भिंती हलला जिथे चिकटतात ते सांधे इथे बघायचं. हे सांधे सोलल्यासारखे सुटतात. खरा नमुना बनवून धक्का दिल्याशिवाय केवळ गणितावर ते मान्य करू नयेत. वर्गातल्या पहिल्या जहाजावर पाण्याखालच्या स्फोटाची प्रत्यक्ष चाचणी करारातच असावी, तारीख आणि खर्चासकट. ती 'पुढे ठरवू' म्हणून ठेवली की कधीच होत नाही; दाखल झालेल्या जहाजाजवळ स्फोट करायला कुणी तयार होत नाही.

आगीच्या बाबतीत जीआरपी हा दुधारी पदार्थ आहे. तो उष्णता रोखतो, त्यामुळे पलीकडच्या खोलीत आग लवकर पोचत नाही. पण स्वतः जळू लागला की दाट विषारी धूर आणि ताकद जाणं, दोन्ही वेगाने होतं. नॉर्वेचं 'ऑर्क्ला' हे सुरुंगनाशक जहाज नोव्हेंबर २००२ मध्ये आगीत जळून बुडालं. इंजिनरूमचं अग्निरोधक आच्छादन आणि ठरावीक मिनिटं तग धरण्याची अट यांत वजन वाचवण्यासाठी सवलत मागितली जाते. देऊ नये.

सोनारची जबाबदारी कोणाची

आपल्या जहाजबांधणी करारांत काही साहित्य नौदल स्वतः पुरवतं, काही नौदलाने सुचवलेल्या पुरवठादाराकडून यार्ड घेतं. गस्ती नौकेत हे चालून जातं. सुरुंगशोधकात ते घातक ठरतं. सोनार नौदलाने दिला, स्थिर राहण्याची यंत्रणा यार्डाने बसवली, वाहन तिसऱ्याचं. सोनार चाचणीत अपेक्षेपेक्षा कमी पडला तर पुरवठादार म्हणतो जहाजाचा आवाज जास्त आहे. यार्ड म्हणतं आवाज अटीप्रमाणे आहे, सोनारच कमी पडतोय. प्रणाली जोडणारा म्हणतो दोघांचा डेटा उशिरा येतो. तिघंही आपापल्या करारात बरोबर असतात आणि जहाज धक्क्यावर बांधलेलं राहतं.

यावर एकच तोडगा चालतो: शोध, वर्गीकरण, ओळख, नाश या संपूर्ण साखळीच्या कामगिरीची हमी एकाच पक्षाने द्यायची, आणि त्या पक्षाला बाकीच्यांवर अधिकार असायला हवा. तो यार्ड असो वा प्रणाली जोडणारी कंपनी. नौदलाने स्वतः पुरवायच्या वस्तू शक्य तितक्या कमी ठेवायच्या.

सोनारचं मूल्यमापन जहाजाच्या हालचालीसह करायचं. ऑस्ट्रेलियाने १९८० च्या दशकात बे वर्गाचे दोन लहान कॅटमरान माइनहंटर बांधले. खुल्या समुद्रात जहाज आणि सोनार मिळून काम जमेना, आणि तो मार्ग सोडून ह्युऑन वर्ग घ्यावा लागला. कोरियाच्या 'तोंगयोंग' या बचावजहाजावर मासेमारी बोटीच्या दर्जाचा सोनार लष्करी किमतीला बसवल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. कागदपत्रं पूर्ण होती. प्रत्यक्ष कामगिरी कुणी मोजली नव्हती. म्हणून चाचणीत खरे नमुना सुरुंग, चाचणी पथकालाच माहीत असलेल्या जागी, चिखलात आणि खडकाळ तळावर, ठरलेल्या लाटांत. किती सापडले एवढंच मोजून चालत नाही. किती खोट्या सूचना आल्या, हेही मोजायचं. वरचा हिशोब आठवला तर त्याचं कारण कळेल.

करारातले पैसे

जीआरपी हलला पैसे देण्याचे टप्पे पोलादी जहाजासारखे ठेवू नयेत. 'कील घातली', 'जहाज पाण्यात उतरवलं' हे टप्पे इथे फसवे आहेत, कारण हल झटपट दिसू लागतो आणि खरं जोखमीचं काम नंतर येतं. पैशाचा मोठा हिस्सा हलच्या नमुना चाचण्या, इंजिनाची जमिनीवरची चुंबकीय मोजणी, पहिली चुंबकीय रेंजिंग (जहाज मोजणीच्या रेंजवरून नेऊन त्याचं चुंबकत्व मोजणं) आणि साखळीची समुद्रचाचणी यांना बांधावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या जहाजाचं काम पहिल्याच्या मोजणीआधी किती पुढे जाऊ द्यायचं, तेही ठरवावं. पूर्ण थांबवलं तर लॅमिनेटरांचे हात रिकामे राहतात आणि कौशल्य गळतं. मोकळं सोडलं तर पहिल्याची चूक चार हलांत उतरते. हल बांधू द्यावा, केबल आणि यंत्रं बसवणं मात्र रोखून धरावं, हे मला व्यवहार्य वाटतं.

यार्डाची आर्थिक तब्येत तपासणं ही औपचारिकता नाही. तैवानने २०१४ मध्ये सहा सुरुंगशोधकांचं काम चिंग फू या यार्डाला दिलं. २०१७ मध्ये त्याच्या कर्जांतली फसवणूक बाहेर आली, करार रद्द झाला आणि बँका, नौदल, परदेशी पुरवठादार सगळे अडकले. बँक गॅरंटी, भागभांडवल आणि सुरू असलेल्या इतर कामांचा भार एकत्र पाहायला हवा.

आणि दुसरा पर्याय जिवंत ठेवायचा. तांत्रिक मूल्यमापनात दोन डिझाइन शेवटपर्यंत टिकतील अशा अटी लिहायच्या. इंटिग्रिटी पॅक्ट, म्हणजे लाच-दलाली न करण्याचा करार, हा सही करून फाइलमध्ये ठेवायचा कागद नाही. प्रत्येक निविदाकाराचे सल्लागार, प्रतिनिधी आणि त्यांना दिलेले पैसे यांची चौकशी आरएफपीच्या उत्तरासोबतच करावी. सहा वर्षांच्या कामानंतर ती तक्रार म्हणून समोर आली तर काय होतं, हे २०१४ मध्ये दिसलं आहे.

ताब्यात घेताना आणि नंतर

हार्बर चाचण्या आणि समुद्रचाचण्या पूर्ण होऊन डी-४४८ या स्वीकृतीपत्रावर सही होते, तेव्हा बाकी कामांची एक यादी सोबत जोडली जाते. इतर जहाजांना ती लांब असली तरी निभावतं. इथे चुंबकत्व, आवाज, धक्का आणि साखळीची कामगिरी यांतलं काहीही या यादीत जाऊ द्यायचं नाही. बाकी रंग, पडदे, कप्पे खुशाल जाऊ देत.

पाण्याखालची वाहनं आणि सुरुंगाजवळ फुटणारे चार्ज हे सरावातही खर्च होतात. त्यांचा साठा बेस आणि डेपोच्या सुट्या भागांच्या यादीत जहाजाबरोबरच यायला हवा, कारण नंतर स्वतंत्र खरेदी म्हणून ती फाइल वर्षानुवर्षं फिरते. ऑपरेटर जहाज येण्याआधी किमान दोन वर्षं सिम्युलेटरवर बसलेले असावेत; सोनारच्या पडद्यावरचा दगड आणि सुरुंग यांतला फरक पुस्तकाने शिकवता येत नाही. जुनी जहाजं २०१९ मध्ये संपल्यापासून ही नजर असलेली माणसं एकेक करून निवृत्त होत आहेत. जी अजून सेवेत आहेत त्यांना आत्ताच प्रशिक्षक म्हणून एकत्र आणावं.

दुरुस्तीचं वेळापत्रक आणि साहित्य नियंत्रणही याच करारात बांधावं. पहिल्या मोठ्या रिफिटमध्ये कुणीतरी अचुंबकीय व्हॉल्व्ह मिळत नाही म्हणून साधा पोलादी बसवतो, दुसरा पितळी रेलिंगऐवजी स्टीलचं लावतो, तिसरा केबलचा मार्ग थोडा बदलतो. प्रत्येक बदल क्षुल्लक. डॉकयार्डच्या स्टोअरमध्ये या जहाजांच्या सुट्या भागांचा वेगळा, रंगाने ओळखता येणारा कप्पा हवा, आणि प्रत्येक रिफिटनंतर रेंजवर पुन्हा मोजणी झाल्याशिवाय जहाज सुरुंगक्षेत्रासाठी उपलब्ध म्हणून दाखवता येणार नाही, असा नियम कराराच्या देखभाल भागात आणि नौदलाच्या आदेशांत दोन्हीकडे लिहिलेला हवा.